स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी निवासी केंद्र कसे पारखावे

स्मृतिभ्रंश झालेल्या आईला किंवा वडिलांना निवासी केंद्रात ठेवण्याचा निर्णय बहुतेक घरांत फार उशिरा आणि फार घाईने होतो. वडील रात्री घराबाहेर पडतात आणि पहाटे कुठल्याशा बसथांब्यावर सापडतात, किंवा इतकी वर्षे सगळे निभावणाऱ्या सुनेचे स्वतःचेच मोठे आजारपण निघते, आणि मग चार दिवसांत जागा शोधण्याची वेळ येते. अशा घाईत माणूस केंद्राची पारख करत नाही, रिकामी खाट शोधतो. म्हणून गरज दारात येऊन उभी राहण्याआधीच, घरात सगळे बरे चालले असतानाच, दोन-तीन केंद्रे पाहून ठेवावीत. त्यात आईवडिलांना सोडून देण्याची तयारी नाही. त्यांच्या पुढच्या काळाची ती जबाबदारीने केलेली व्यवस्था आहे.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. तरीही आपल्याकडचे पुष्कळ वृद्धाश्रम ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्या’ ज्येष्ठांनाच प्रवेश देतात. उरतात ती तीन प्रकारची ठिकाणे: खास स्मृतिभ्रंशासाठी चालवलेली केंद्रे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी केंद्रे, आणि ‘आम्ही सगळ्यांनाच घेतो’ असे सांगणारी ठिकाणे. या तिसऱ्या प्रकाराची पारख सर्वांत बारकाईने करावी लागते, कारण तिथे मनोरुग्ण, व्यसनमुक्तीसाठी आलेले तरुण आणि स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध कधी कधी एकाच छताखाली ठेवलेले असतात.

पारख करताना एक कसोटी शेवटपर्यंत धरून ठेवावी. हॉटेल वाईट असेल तर पाहुणा तक्रार करतो, रुग्णालय वाईट असेल तर रुग्ण घरी येऊन सांगतो. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दुपारी जेवण मिळाले की नाही हे संध्याकाळी सांगता येत नाही. म्हणून केंद्र कसे आहे हे तिथल्या सर्वांत बोलक्या, नीटनेटक्या रहिवाशावरून ठरवू नये. जो रहिवासी बोलू शकत नाही, उठू शकत नाही आणि ज्याला भेटायला फारसे कोणी येत नाही, त्याची अवस्था पाहावी. आपला माणूस आज चालता-बोलता असला, तरी हा आजार वाढत जाणारा आहे, आणि काही वर्षांनी तो त्याच खाटेवर असण्याची शक्यता असते.

घरून निघण्यापूर्वी

आधी स्वतःच्या माणसाविषयी एक टिपण लिहून काढावे. त्यात निदान कोणत्या प्रकारचे आहे हे लिहावे, कारण सगळे स्मृतिभ्रंश सारखे नसतात. अल्झायमरमध्ये सुरुवातीला मुख्यतः नुकत्याच घडलेल्या गोष्टींचा विसर पडतो. मेंदूच्या पुढच्या भागाच्या ऱ्हासाने होणाऱ्या प्रकारात स्मरणशक्ती बरीच शाबूत असूनही वागणे बदलते, माणूस अनोळखी लोकांना लागेल असे बोलतो किंवा संकोच सोडतो. लेवी बॉडी प्रकारात नसलेली माणसे दिसतात, हालचाली मंदावतात आणि काही औषधांचा अतिशय तीव्र, कधी जीवघेणा परिणाम होतो. केंद्रचालकाला हा फरक सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटते की ‘सगळे विसरण्याचेच आजार’ असे उत्तर येते, हीच पहिली परीक्षा असते.

त्या टिपणात दिनक्रमही लिहावा. अंघोळ सकाळी लागते की दुपारी, चहात साखर किती, झोपताना दिवा हवा की अंधार, देवपूजेशिवाय पाणी न पिण्याची सवय आहे का, कोणत्या नावाने हाक मारली की मान वळते, कशाने चिडायला होते आणि चिडल्यावर कशाने शांत वाटते, हे सगळे त्यात यावे. निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी साडेदहाला शाळेत जायला निघत असतील, तर ते पळून जात नाहीत, कामावर जात आहेत; हे कर्मचाऱ्यांना ठाऊक असेल तर दार बंद करून वाद घालण्याऐवजी ते त्यांच्या हाती हजेरीचे पुस्तक देतील. चांगले केंद्र हे टिपण आपणहून मागते. मागत नसेल तर ते देऊन पाहावे आणि पुढच्या भेटीत ते कोणाकडे आहे, कोणी वाचले, हे विचारावे.

दूरध्वनीवर मोजकेच विचारावे: खाटा किती, त्यांपैकी स्मृतिभ्रंशाचे रहिवासी किती, रात्री किती कर्मचारी जागे असतात, डॉक्टर किती वेळा येतात, आणि आजार वाढला, माणूस अंथरुणाला खिळला किंवा आक्रमक झाला तर तुम्ही त्याला ठेवता की परत न्यायला सांगता. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत असेल, तर त्या केंद्राला भेट देण्यात फार वेळ घालवू नये. ओळखीचे वातावरण तुटण्याचा धक्का या आजारात मोठा असतो, आणि तो दर सहा महिन्यांनी देणे योग्य नाही.

भेट कधी द्यावी आणि काय पाहावे

पहिली भेट ठरवून दिलेल्या वेळी होईल, कारण चालकांशी सविस्तर बोलायचे असते. त्या भेटीत दाखवलेली बाग, मंदिर आणि भिंतीवरची सणांची छायाचित्रे पाहून घ्यावीत, पण त्यांवर निर्णय घेऊ नये. दुसरी भेट न कळवता द्यावी आणि ती दिवेलागणीच्या वेळी द्यावी. स्मृतिभ्रंशात दिवस मावळताना अस्वस्थता वाढणे हे अनेकांमध्ये दिसणारे लक्षण आहे: बायका ‘घरी मुले वाट पाहत असतील’ म्हणून उठतात, पुरुष दाराशी येरझारा घालतात, काही जण रडतात. नेमकी हीच वेळ पाळी बदलण्याची, चहाची भांडी आवरण्याची आणि रात्रीच्या जेवणाच्या तयारीची असते. या तासाभरात केंद्र जसे वागते तसे ते खरे असते. तिथे कोणी मावशी अस्वस्थ आजीचा हात धरून अंगणात चार फेऱ्या मारते आहे का, हरिपाठ किंवा जुनी गाणी लावून सगळ्यांना एकत्र बसवले आहे का, की सगळ्यांना सहा वाजताच जेवू घालून, गोळी देऊन, दिवे मालवले आहेत, हे डोळ्यांनी दिसते. न कळवता येण्यास केंद्राची सरसकट मनाई असेल, तर माझ्या मते ते केंद्र तिथेच बाद करावे. अंघोळीच्या वा झोपेच्या वेळी येऊ नका, असे सांगणे रास्त आहे. कधीच आगाऊ फोन केल्याशिवाय येऊ नका, हे रास्त नाही.

तिसरी भेट जेवणाच्या वेळी द्यावी, आणि स्वतःच्या हाताने न जेवू शकणाऱ्या रहिवाशांना कसे भरवतात ते शांतपणे पाहावे. या आजाराच्या उत्तरार्धात गिळण्याची क्रिया बिघडते आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरते. म्हणून भरवणे ही जिवाची बाब आहे. माणसाला सरळ बसवले आहे की आडवे ठेवून तोंडात घास घातला जातो आहे. घास लहान आहे की मोठा. पहिला गिळला गेल्याची खात्री करून दुसरा दिला जातो की नाही. भरवणारी व्यक्ती समोर बसून बोलते आहे की उभी राहून एका वेळी तिघांना भरवते आहे. जेवल्यानंतर निदान अर्धा तास बसवून ठेवतात का, हे बघावे. पाण्यासारखे पातळ पदार्थ घट्ट पदार्थांपेक्षा सहज चुकीच्या मार्गाने जातात. तेव्हा ठसका लागणाऱ्यांसाठी पाणी वा चहा दाट करून देतात का, हेही विचारावे. सगळ्यांना एकच मिक्सरमधून काढलेला लगदा देणारे केंद्र सोय पाहते. आसट भात, गुरगुट्या खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, पेज, लापशी, असे ओळखीच्या चवीचे मऊ अन्न करता येते आणि ते ओळखीचे असल्यामुळेच तोंड उघडले जाते.

आता त्या अबोल रहिवाशाच्या खाटेजवळ जावे. अर्थात परवानगी घेऊन आणि त्यांना नमस्कार करून. ते काही प्रदर्शनातली वस्तू नाहीत. ओठ कोरडे पडून फाटले आहेत का, नखे वाढली आहेत का, डोळ्यांच्या कोपऱ्यात चिपडे साचली आहेत का, दाढी कधी केलेली दिसते, पाण्याचे भांडे हाताच्या अंतरावर आहे की लांब, चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेले आहे की कपाटात, हे दोन मिनिटांत कळते. लघवीचा वास अशा ठिकाणी एखाद्या वेळी येणारच. परंतु सगळ्या दालनांत तो कायमचा मुरलेला असेल, किंवा तो झाकण्यासाठी फिनेलचा उग्र दर्प सगळीकडे असेल, तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत असे समजावे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्यांवर शय्याव्रणे होतात. सध्या किती जणांना अशी व्रणे आहेत आणि ती इथे झाली की येताना होती, असे सरळ विचारावे. कूस बदलण्याचा तक्ता दाखवा म्हणावे. सकाळी अकरा वाजता पाहिलेल्या तक्त्यावर संध्याकाळपर्यंतच्या सह्या आधीच झालेल्या असतील, तर त्या केंद्रातल्या दुसऱ्या कुठल्याही नोंदीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

कर्मचारी रहिवाशांशी कसे बोलतात, हे सर्वांत शेवटी कळते आणि सर्वांत महत्त्वाचे असते. ‘ए आजी, चल ऊठ’ आणि ‘काकू, उठायचं का आता?’ यांत फक्त सौजन्याचा फरक नाही. दुसऱ्या वाक्यात समोरच्या माणसाला उत्तर देण्याची संधी आहे. कर्मचारी रहिवाशांच्या देखत त्यांच्याविषयी तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावे तसे बोलतात का, आई ‘माझी आई कुठे आहे’ म्हणाली तर ‘ती मेली’ असे सांगून पुन्हा पुन्हा तेच दुःख देतात की ‘आईची आठवण येते का? सांगा ना तिच्याबद्दल’ म्हणून बाजूला बसतात, याकडे कान द्यावा. सगळ्या स्त्रियांचे केस एकसारखे बारीक कापलेले आणि सगळ्यांच्या अंगात सारखेच गाऊन दिसले, तर त्याचे कारण विचारावे. उवा, आजारपण, निगा ही कारणे खरी असू शकतात. पण आयुष्यभर अंबाडा घातलेल्या बाईचे केस घरच्यांना न विचारता कापले जात असतील, तर इतर बाबतींतही तिला विचारले जाणार नाही.

कर्मचारी, रात्र आणि भाषा

दिवसाचे कर्मचारी सगळे दाखवतात, रात्रीचे कोणी दाखवत नाही. या आजारात झोपेचे चक्र उलटते आणि पडणे, बाहेर जाण्याचा प्रयत्न, अंथरूण ओले होणे हे पुष्कळदा रात्रीच घडते. म्हणून रात्री प्रत्येक मजल्यावर कोण जागे असते, ते प्रशिक्षित परिचारिका आहेत की केवळ आया आणि वॉर्डबॉय, हे नेमके विचारावे. ‘बोलावलं की येतात’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण स्मृतिभ्रंश झालेला माणूस घंटी वाजवायचे लक्षात ठेवू शकत नाही. कर्मचारी केंद्राच्या नोकरीत आहेत की ब्यूरोकडून येणारे, रोज बदलणारे आहेत, हेही विचारावे. बारा तासांच्या पाळीत एका मावशीकडे किती जण असतात आणि तिला आठवड्याची सुट्टी मिळते का, हा प्रश्न अवघड वाटला तरी विचारावाच. थकलेल्या माणसाकडून मायेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शक्य झाल्यास एखाद्या मावशींशी दहा मिनिटे बोलावे आणि ‘इथे किती वर्षे आहात’ एवढेच विचारावे. तीन-चार वर्षे टिकलेले कर्मचारी असणे हे माझ्या दृष्टीने कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठे लक्षण आहे.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे फार कमी लोक विचारात घेतात. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी निसटू शकते आणि लहानपणची भाषा मागे उरते. चाळीस वर्षे मुंबईत बँकेत इंग्रजी-हिंदीत काम केलेल्या गृहस्थांना अखेर फक्त मालवणी किंवा अहिराणीच समजेल, असे होऊ शकते. केंद्रातले बहुतेक कर्मचारी परप्रांतीय आणि केवळ हिंदी बोलणारे असतील, तर ‘दुखतंय’, ‘शिणलो’, ‘बाहेर जायचंय’ एवढेही त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. त्या कर्मचाऱ्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण प्रत्येक पाळीत निदान एक जण आपल्या माणसाची भाषा बोलणारा असावा, हा आग्रह धरावा. राज्याबाहेर किंवा परदेशात राहणाऱ्या मुलांनी आपल्या शहरातले केंद्र आणि गावाजवळचे केंद्र यांत निवड करताना ही गोष्ट भेटीच्या सोयीइतकीच तोलून पाहावी.

औषधे आणि बांधून ठेवणे

या दोन बाबींवर कुठलीही तडजोड करू नये. चिडचिड, भ्रम आणि आक्रमकता यांसाठी क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधे दिली जातात. ती कधी कधी खरोखर लागतात. परंतु स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या वर्गातल्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांसाठी दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू केला. तेव्हा प्रश्न असा विचारावा: अशी औषधे कोणाच्या सहीने सुरू होतात, घरच्यांना आधी कळवले जाते का, आणि ती कमी किंवा बंद करण्याचा विचार किती काळाने होतो? दुपारी तीन वाजता दालनातले बहुसंख्य रहिवासी मान टाकून बसलेले आणि तोंडातून लाळ गळणारे दिसत असतील, तर तिथे माणसांची उणीव गोळ्यांनी भरून काढली जात असण्याची शक्यता मोठी आहे.

एखादा रहिवासी अचानक, एक-दोन दिवसांत बिघडला, बरळू लागला किंवा सुस्त झाला, तर केंद्र काय करते, असेही विचारावे. स्मृतिभ्रंश एका रात्रीत वाढत नाही. असा अचानक बदल बहुधा मूत्रमार्गाच्या संसर्गाने, बद्धकोष्ठाने, शरीरातले पाणी कमी झाल्याने, वेदनेने किंवा नव्या औषधाने होतो आणि त्यावर उपचार असतो. ‘आधी लघवी तपासतो, ताप बघतो, डॉक्टरांना बोलावतो’ असे उत्तर येणारे केंद्र आजार ओळखते. ‘गोळी वाढवतो’ असे उत्तर आले, तर सावध व्हावे.

बांधून ठेवण्याविषयी कायदाच स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीच्या आणि भानाच्या गंभीर विकारांचाही उल्लेख आहे. त्याच कायद्याच्या कलम ९७ नुसार शारीरिक बंधन केवळ तातडीची इजा टाळण्याचा दुसरा काहीही मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि आवश्यक तेवढाच वेळ वापरता येते; त्याची नोंद ठेवावी लागते आणि रुग्णाच्या वतीने निर्णयांत मदत करणाऱ्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवावे लागते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही, असे तिथे लिहिले आहे. ओढणीने खुर्चीला बांधलेली आजी, खाटेच्या दांडीला बांधलेले मनगट, पुढे टेबल अडकवून उठता येऊ नये अशी केलेली खुर्ची, हे सगळे बंधनच आहे. मनगटावर आणि घोट्यावर काळेनिळे वळ दिसले तर विचारायला संकोचू नये. याच कायद्याखाली मानसिक आजार असलेल्यांना निवासी ठेवणाऱ्या संस्थांना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, म्हणून केंद्राची नोंदणी कोणत्या कायद्याखाली, कोणत्या नावाने आणि कोणत्या मुदतीपर्यंत आहे ते कागदावर पाहावे.

इमारत

स्मृतिभ्रंशात डोळ्यांना दिसते ते मेंदूला तसेच समजत नाही. चकचकीत फरशी ओली वाटते, काळे पायपुसणे खड्ड्यासारखे भासते, पांढऱ्या न्हाणीघरातला पांढरा कमोड दिसतच नाही, आणि आरशात कोणी परका माणूस उभा आहे असे वाटून भीती बसते. खोली आणि संडास यांच्या दारांना वेगळे रंग, संडासाच्या दारावर चित्र, रात्री वाटेवर मंद दिवा, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या आणि बाहेरून उघडता येईल अशी आतली कडी, एवढे असले तरी खूप पडणे टळते. फाटक बंद असणे समजण्यासारखे आहे. परंतु आत फिरायला मोकळी, सावलीची, सुरक्षित जागा असावी, आणि आग लागल्यास रात्री कुलपाची किल्ली कोणाकडे असते याचे उत्तर प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक असावे. वीज गेली तर काय होते हेही विचारावे, कारण व्रणे टाळण्यासाठीच्या हवेच्या गाद्या, ऑक्सिजनचे यंत्र आणि वरच्या मजल्याची लिफ्ट विजेवर चालतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या केंद्रात उन्हाळ्याची सोय, आणि तहान लागल्याचे सांगू न शकणाऱ्यांना दिवसातून किती वेळा पाणी पाजतात, हे अवश्य पाहावे.

पैसे, कागद आणि सह्या

मासिक शुल्क सांगतात ते बहुधा पूर्ण नसते. डायपर, औषधे, डॉक्टरांची भेट, फिजिओथेरपी, रुग्णालयात सोबत जाणारा माणूस, वेगळा अटेंडंट, यांतले काय शुल्कात आणि काय वर, हे लेखी घ्यावे. अनामत रक्कम कोणत्या परिस्थितीत परत मिळते, रहिवासी महिन्याच्या मध्ये गेला किंवा रुग्णालयात राहिला तर हिशेब कसा होतो, आजार वाढल्यावर शुल्क किती वाढते, पुढे दरवर्षी किती, आणि जागा सोडण्यास सांगायचे झाल्यास किती दिवसांची मुदत देतात, हे करारात असावे. आरोग्य विमा साधारणपणे अशा निवासाचा खर्च देत नाही, म्हणून तो पैसा वेगळा धरावा. निवृत्तिवेतन असेल तर दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला लागतो. त्यासाठी केंद्र मदत करते का, ही बाब छोटी वाटली तरी वेतन थांबल्यावर मोठी होते.

एक सूचना केंद्राशी थेट संबंधित नसली तरी इथेच करणे भाग आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र करून देणारी व्यक्ती विकलमनस्क झाली, म्हणजे स्वतःचे भले-बुरे ठरवण्याची समज तिला उरली नाही, की मुखत्यारी संपते. म्हणजे ‘आईचे मुखत्यारपत्र आहे’ या भरवशावर पुढची अनेक वर्षे बँकेचे व्यवहार चालतील असे गृहीत धरू नये. आजाराच्या आरंभी, समज शाबूत असतानाच, संयुक्त खाती, नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि उपचारांविषयीचे पूर्वनिर्देश यांबाबत वकिलांचा सल्ला घ्यावा. कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नये अशी आईवडिलांची इच्छा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले, मृत्युपत्राहून वेगळे असे वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करता येते. अखेरच्या दिवसांत केंद्र सरसकट अतिदक्षता विभागात पाठवते की तिथेच वेदनाशामक शुश्रूषा देते, हा प्रश्न विचारताना घसा दाटून येतो, पण तो प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावा.

ठेवल्यानंतर

शक्य असेल तर आधी पंधरा दिवस ते महिनाभर तात्पुरते ठेवून पाहावे. घरातली चादर, ओळखीचा तांब्या, देवघरातली एखादी तसबीर, जुना रेडिओ, अशा वस्तू सोबत द्याव्यात. दागिने आणि रोकड देऊ नये. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र आणि प्रत्येक कपड्यावर नाव घालावे, कारण या वस्तू एकमेकांत मिसळतात. ‘पहिला महिना भेटायला येऊ नका, म्हणजे लवकर रुळतील’ असे सांगणाऱ्या केंद्राचे म्हणणे मानू नये. थोडा वेळ, पण वारंवार यावे, वेगवेगळ्या वेळी यावे, आणि परदेशी असलेल्यांनी व्हिडिओ कॉलवर समाधान न मानता गावातल्या एखाद्या नातलगाला किंवा मित्राला हे काम नेमून द्यावे. कॉलसाठी माणसाला धुऊन-पुसून बसवता येते.

प्रवेशाच्या दिवशी वजन करून तारखेसह लिहून ठेवावे, शरीरावरच्या जुन्या खुणांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि पुढे दर महिन्याला वजनाची नोंद मागावी. ‘छान जेवतात’ हे सगळेच सांगतात. सलग दोन महिने घटलेले वजन मात्र गिळण्याचा त्रास, दातांचे दुखणे, उदासी किंवा दुर्लक्ष यांपैकी काहीतरी घडते आहे हे सांगते, आणि त्याचा शोध लगेच घ्यावा लागतो. तक्रार करायची तर आधी प्रमुख परिचारिकेशी, शांतपणे आणि नेमक्या घटनेविषयी बोलावे, मग चालकांना लेखी द्यावे. दाद लागत नसेल, किंवा मारहाण, बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे यांचा संशय असेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि पोलिसांकडे जावे; माणसाला इजा होत असताना ‘आता कुठे नेणार’ या चिंतेने थांबू नये. इतर कुटुंबांशी ओळख ठेवली, म्हणजे एकमेकांच्या आईवडिलांकडे जाता-येता लक्ष राहते. १९९२ मध्ये केरळमध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा निरनिराळ्या शहरांत काम करतात, त्यांच्याकडेही अशी कुटुंबे भेटतात आणि केंद्रांविषयी ताजी माहिती मिळू शकते. ज्या केंद्रातली खाट आज रिकामी नाही पण बाकी सगळे मनासारखे आहे, तिथे प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवावे आणि तोपर्यंत घरी दिवसाचा अटेंडंट किंवा दिवसभर सांभाळणारे केंद्र यांवर भागवावे.